धावणं दोन तासांचं, राबणं दिवसभराचं

डुकाटीची पानिगाले व्ही४ एस शोरूममध्ये उभी असते तेव्हा तिची ओळख आकड्यांनी करून दिली जाते. ११०३ सीसी, चार सिलिंडर, २१६ अश्वशक्ती, पेट्रोल सोडून १८७ किलो वजन. हे २०२५ च्या मॉडेलचे आकडे, आणि ते खरेच आहेत. ट्रॅकवरच्या दिवसात मात्र यातला एकही आकडा कुणाच्या तोंडी नसतो. तिथे सगळी बोलणी अंशांत चालतात: टायर किती तापले, डांबर किती तापलं, पाणी किती, ऑइल किती. उष्णता हवी तिथे आणायची, नको तिथून काढायची, आणि हे सगळं घड्याळाच्या काट्यावर. ते जमलं तर वेग आपोआप येतो.

ट्रॅक मुजेल्लोचा. फ्लॉरेन्सच्या उत्तरेला साधारण ३० किलोमीटरवर, तस्कनीच्या टेकड्यांत. लांबी ५.२४५ किलोमीटर, वळणं १५, त्यातली नऊ उजवी आणि सहा डावी. १९८८ पासून मालकी फेरारीची. उन्हाळ्याच्या सुरुवातीला इथे मोटोजीपीची शर्यत होते. वर्षातले बरेच दिवस मात्र पैसे भरून येणाऱ्या हौशी मंडळींचे असतात. पानिगालेचं नाव जिच्यावरून पडलं ती बोर्गो पानिगाले ही बोलोन्याची वस्ती, जिथे डुकाटीचा कारखाना आहे, ती इथून डोंगर ओलांडला की आलीच. जुलैतला असा एक दिवस कसा जातो, ते गाडीच्या बाजूने पाहू.

पहाटे ५:४५

उजाडता उजाडता व्हॅन पॅडॉकमध्ये लागते. मिस्त्री साठीच्या घरातले. आज त्यांच्याकडे तीन गाड्या आहेत, त्यातली ही लाल. तिचा मालक तिशी ओलांडलेला, आठवडाभर ऑफिसात बसणारा. तो अजून हॉटेलात झोपलाय, आणि त्याने झोपावं असंच मिस्त्रींचं मत आहे. झोप न झालेला माणूस ब्रेक उशिरा मारतो.

गाडी फळीवरून मागे-मागे उतरते. आरसे आणि नंबरप्लेट काढूनच आणलेत, दिव्यांवर चिकटपट्टी लावलीय. पडलीच तर तुकडे ट्रॅकवर विखरायला नकोत. मग पुढचं चाक उचललं जातं आणि मागच्यासाठी साधा, दोन बाजूंनी धरणारा स्टँड येतो. २०२५ च्या आधीच्या पानिगाले व्ही४ ला हा स्टँड चालत नसे. डिझायनर मासिमो ताम्बुरिनीने १९९४ च्या ९१६ या मॉडेलमध्ये मागचं चाक एकाच बाजूच्या आर्मवर धरलं आणि ती डुकाटीची ओळख होऊन बसली. २००३ च्या ९९९ ने ती मोडली तेव्हा चाहत्यांनी नाकं मुरडली. २००७ च्या १०९८ ला कंपनी मुकाट्याने जुन्या वाटेवर आली. आता पुन्हा दोन्ही बाजूंचा, आतून पोकळ आर्म आलाय. कारण दिखाव्याचं नाही. वळणात गाडी इतकी आडवी होते, की रस्त्याचे धक्के शॉकअपला हव्या त्या दिशेने बसतच नाहीत. ते पचवायला आर्मलाच थोडं लवावं लागतं. नवा आर्म आडव्या दिशेने मुद्दाम कमी ताठ केलाय.

“दिसायला जुनीच बरी होती,” मिस्त्री शेजारच्या मेकॅनिकला सांगतात, “चालायला ही.”

६:३०

टायर गार आहेत तोवर हवेचा दाब बघून घ्यायचा आणि लगेच वॉर्मर चढवायचे. वॉर्मर म्हणजे आत तारा शिवलेली जाड पट्टी. चाकाभोवती गुंडाळायची, वेलक्रो ओढून बसवायची, प्लग लावायचा. स्लिक टायर, नक्षीचा पत्ता नाही. ८० अंश, आणि तासभर तरी. हा तासभर महत्त्वाचा. रबराचा वरचा थर वीस मिनिटांत हाताला चटका देतो, पण आतली कापडं आणि अ‍ॅलॉयची रिम गारच असते. असा वरवर तापलेला टायर ट्रॅकवर गेला की आतली थंडी वर येते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर पकड जाते. पाहणाऱ्याला वाटतं, चालवणारा चुकला.

दाबाचं गणितही तापमानाशीच बांधलेलं. २० अंशांना भरलेली हवा ८० ला गेली की दाब अर्ध्या बारच्या आसपास चढतो. म्हणून भरताना मुद्दाम कमी भरायची. गरम असताना पुढच्या टायरला साधारण सव्वादोन ते अडीच बार हवेत, मागच्याला दोनच्या आत. जास्त झाला तर टायर टणक होऊन रस्त्याला कमी टेकतो. कमी झाला तर त्याच्या भिंती लचकतात आणि तो आतून नको तितका तापतो. दोन्हीकडून नुकसानच.

एकाच बोर्डावर तीन गाड्यांचे सहा वॉर्मर आहेत, आणि दरवेळी कुणीतरी तिथेच कॉफीचं मशीन लावून फ्यूज उडवतं. मिस्त्री दर पंधरा मिनिटांनी वॉर्मरचे लाल दिवे मोजून जातात.

७:१५

आता ब्रेक. पुढच्या मास्टर सिलिंडरचं झाकण उघडतात. ब्रेक ऑइलचा रंग उतरलेला नाही, तरी रंगावर विश्वास ठेवायचा नाही, कारण हे ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं. डॉट-४ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. ओलावा मुरला की तोच १५५ पर्यंत खाली आला तरी प्रमाणाला चालतो. रस्त्याला चालतो, ट्रॅकला चालत नाही. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि लिव्हर हँडलला येऊन टेकतो तरी गाडी थांबत नाही.

म्हणून नवं ऑइल आणि हवा काढणं. कॅलिपरच्या निप्पलला पारदर्शक नळी लावायची, तिचं टोक बाटलीत बुडवायचं. लिव्हर सावकाश दाबायचा, निप्पल पाव फेरा सैल, नळीतून ऑइल सरकतं. निप्पल घट्ट, मग लिव्हर सोडायचा. तांदळाच्या कणीएवढा एक बुडबुडा नळीत वर चढताना दिसतो. मिस्त्री त्याच्याकडे पाहत थांबतात आणि आणखी चार वेळा दाबतात. पुढच्या तीन वेळा काहीच येत नाही. मग टिचकी मारतात कॅलिपरवर. आणखी एक येतो.

बाकीची कामं हात सवयीने करतात. चेनचा ताण, अ‍ॅक्सलचा नट टॉर्क रेंचने, ऑइल ड्रेनच्या नटाला बांधलेली तार जागेवर आहे का. रेडिएटरमध्ये कूलंटच्या जागी साधं पाणी. रस्त्याच्या कूलंटमधलं ग्लायकॉल डांबरावर सांडलं की मागून येणारा घसरणार. म्हणून रेसिंगमध्ये पाण्याचाच आग्रह असतो.

८:००

मालक आलाय. नावनोंदणी, मनगटाला गटाच्या रंगाची पट्टी, झेंड्यांची उजळणी. तीन गट, वेगानुसार. प्रत्येकाला तासातली वीस मिनिटं; याचा गट दर तासाच्या विसाव्या मिनिटाला सुटणार.

शेजारच्या बॉक्समध्ये एक मुलगा बापाबरोबर आलाय, गाडी एप्रिलिया आरएस ४५७. एप्रिलियाचं घर व्हेनिसजवळचं नोआले, मोठी आरएसव्ही४ त्याच भागात बनते. ही धाकटी मात्र बारामतीची. पालक कंपनी पियाज्जोच्या बारामतीच्या कारखान्यात ती तयार होते आणि तिथूनच परदेशी जाते. भारतात तिची किंमत जाहीर झाली तीही २०२३ च्या डिसेंबरात गोव्याच्या इंडिया बाइक वीकमध्ये. इटालियन गाडी बारामतीहून इटलीला यावी, यात इथे कुणाला नवल वाटत नाही. मुलगा तिची चेन पुसतोय.

८:५०

इंजिन सुरू. चारही सिलिंडरचा तो कोरडा, खरखरीत आवाज बॉक्सच्या भिंतींवर आपटतो आणि सगळे कानांवर हात ठेवतात. अ‍ॅक्सिलरेटर पिळायचा नाही. पाण्याचं तापमान भराभर चढतं, ऑइलचं मागून रेंगाळत येतं. आणि आतले भाग एकमेकांवर चालतात ते ऑइलवर, पाण्यावर नव्हे. डिस्प्लेवर पाणी सत्तरीला पोचलं तरी मिस्त्री आणखी काही मिनिटं गाडी तशीच ठेवतात.

आत काय चाललंय त्याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब. हे इंजिन पूर्ण शक्ती देतं १३,५०० फेऱ्यांना. दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो, म्हणजे सेकंदाला शंभराहून जास्त वेळा. इतर इंजिनांत उघडलेला व्हॉल्व्ह बंद करायचं काम स्प्रिंगचं. फेऱ्या फार वाढल्या की स्प्रिंगला वेळेत बंद करणं जमेनासं होतं. फाबिओ तालिओनी या इंजिनिअरने १९५६ मध्ये डुकाटीच्या १२५ सीसी रेसिंग गाडीत स्प्रिंगवर विसंबणं सोडलं: उघडायला एक कॅम, बंद करायला दुसरा. त्या गाडीने त्याच वर्षी स्वीडनची शर्यत जिंकली. ‘डेस्मो’ म्हणून ओळखली जाणारी ही रचना पानिगालेतही आहे. तिचा जाच एवढाच, की उघडणं आणि मिटणं या दोन्हींतली फट मापून लावावी लागते. रस्त्यावरच्या वापरात हे काम २४,००० किलोमीटरला येतं. ट्रॅकवर चालवणारे इतका धीर धरत नाहीत.

९:२०

वॉर्मर निघतात, स्टँड निघतात, गाडी पिट लेनमध्ये. यापुढची वीस मिनिटं मिस्त्रींच्या हातात काही नाही. ते भिंतीला टेकून उभे राहतात.

पहिलं वळण सान दोनातो उजवं, दुसरं लुको डावं, लगेच पोज्जो सेक्को उजवं. अशी उलटसुलट जोडी इथे वारंवार येते, आणि गाडी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर टाकायला खरा जोर लागतो. फिरणारी वस्तू आपला अक्ष सोडायला तयार नसते. दोन चाकं पुढे फिरतातच. क्रँकशाफ्टही त्याच दिशेने फिरला तर हट्ट आणखी वाढतो. म्हणून या इंजिनात क्रँक उलट फिरवलाय. चाकांच्या हट्टातला काही भाग तो कापतो, शिवाय जोरात पिळल्यावर पुढचं चाक उचलण्याची खोडही थोडी कमी होते. डुकाटीने हे मोटोजीपीच्या गाडीवरून २०१८ च्या पहिल्या व्ही४ मध्ये आणलं.

उजवी वळणं जास्त, त्यामुळे टायरचा उजवा खांदा आधी तापतो, डावा मागे राहतो. जाणता माणूस पहिल्या दोन फेऱ्या डाव्या वळणांत सबुरीने घेतो. मालक जाणत्यांत मोडतो, पण नुकताच.

९:४१

गाडी आत येते आणि तिच्यावर तीन कामं एकाच वेळी सुरू होतात. गरम टायरचा दाब मोजायचा, वॉर्मर परत चढवायचे, पेट्रोल बघायचं. टाकी १७ लिटरची, पण वीस मिनिटांना सहा-सात लिटर लागतात. म्हणून आठ-नऊच भरायचं. उगाच सहा-सात किलो वजन कोण वाहील?

मागचा दाब एक दशांशाने चढा आहे. मिस्त्री पिन दाबून हवा सोडतात. मग चाकापाशी उकिडवे बसतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि बोट टायरच्या उजव्या खांद्यावरून फिरवतात. रबरावर बारीक, एकसारख्या लाटा उठल्यात, मऊ, काठ न उचललेल्या. हे ठीक. लाटांचे काठ चिरल्यासारखे उचलले गेले असते, तर त्याचा अर्थ टायर थंड असताना ओढला गेला. डाव्या खांद्यावर मात्र थोडे तसे काठ दिसतात.

“लुकोला घाई केलीस?”

“एकदाच, तिसऱ्या फेरीत.”

“टायरला दिसलं.”

१०:२०

दिवसातली सर्वांत चांगली वेळ. डांबर तापलंय, पण कोवळं. हवा अजून गार, म्हणजे दाट, म्हणजे इंजिनाला प्रत्येक घासात जास्त ऑक्सिजन. मालकाच्या फेऱ्या सव्वादोन मिनिटांवरून दोन मिनिटं पाच सेकंदांवर येतात. दोन-पाच म्हणजे सरासरी वेग ताशी १५१ किलोमीटर. मोटोजीपीचे आघाडीवीर ही फेरी १ मिनिट ४५ सेकंदांच्या आत मारतात. पण त्यांच्याशी तुलना करायला कुणी आलेलंच नाही.

या फेरीत गाडीची खरी परीक्षा एकाच जागी होते, आणि तिथे थांबायला हवं. बुचिने या शेवटच्या डाव्या वळणातून गाडी १,१४१ मीटरच्या पट्टीवर येते. याच पट्टीवर २०२३ मध्ये ब्रॅड बाइंडरच्या केटीएमने ताशी ३६६.१ किलोमीटर गाठले होते. पानिगाले पावणेतीनशेच्या पुढे जाते. पंखांनी दाबून धरलेलं पुढचं चाकही पट्टीच्या शेवटच्या उंचवट्यावर हलकं होतं. २०२० च्या मॉडेलपासून आलेले हे पंख २७० च्या वेगाला सुमारे ३० किलोंचा दाब देतात म्हणून बरं. नाही तर हँडल हातात थरथरलंच असतं. आणि नेमकं त्यानंतर ब्रेक.

गाडी, माणूस, पेट्रोल मिळून २८० किलो धरू. ताशी २८० वरून १०० वर यायचंय. शाळेतलं अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग काढलं, तर पाच-सहा सेकंदांत सुमारे ७४० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. इतक्या ऊर्जेत माठातलं दोन लिटरहून जास्त पाणी उकळतं, म्हणजे पंधरा-सोळा कप चहाचं आधण. तेही दर फेरीला, एकाच वळणावर. थोडी ऊर्जा वारा खातो. बाकीची बहुतेक सगळी पुढच्या ३३० मिलिमीटरच्या दोन पोलादी डिस्कमध्ये उतरते आणि डिस्क शेकडो अंशांवर जातात. पट्टीवर गार व्हायला त्यांना जेमतेम पाव-अर्धा मिनिट, की पुढचं आधण.

मोटोजीपीत डिस्क कार्बनच्या असतात. त्यांना भरपूर तापल्याशिवाय पकडच येत नाही, म्हणून गार पावसाळी दिवशी त्या झाकून ठेवाव्या लागतात. पोलादी डिस्क पहिल्या वळणापासून काम करतात, पण त्यांची वरची सीमा लवकर येते. या गाडीचे ब्रेक बनवणारी ब्रेम्बो ही कंपनी बर्गामोजवळची, १९६१ ची. तिचे कॅलिपर पॅड किती जोराने दाबतात एवढ्यापुरतीच त्यांची जबाबदारी नाही. ही उष्णता ऑइलपर्यंत पोचू न देता हवेत सोडणं हेही त्यांचंच काम. सकाळी सव्वासातला नळीतून वर आलेला तो कणीएवढा बुडबुडा इथे लिव्हरमध्ये असता, तर मालकाला तो सान दोनातोच्या तोंडाशी कळला असता.

११:२०

चौथ्या फेरीत लाल झेंडा. कोरेंतायो वळणाला कुणीतरी वाळूत गेलंय. माणूस उठून चालू लागला, गाडी काढायला वेळ लागणार. सगळे पिट लेनमध्ये रांगेत.

इथे या गाडीचा दुसरा स्वभाव दिसतो. थांबून मिनिट-दीड मिनिट झालं, की आवाज अचानक बदलतो, पातळ होतो. मागचे दोन सिलिंडर बंद पडलेत. गाडीनेच बंद केलेत. व्ही आकारातली मागची जोडी बरोबर मांडीखाली येते, आणि उभ्या गाडीत तिच्यावरून वारा जात नाही. म्हणून इंजिन तापलेलं आणि गाडी उभी असली, की ती जोडी विश्रांती घेते आणि पुढच्या दोघांवर गाडी चालू राहते. अ‍ॅक्सिलरेटर पिळला की चौघे परत हजर.

रस्त्यावर ही सोय नुसती सोय नसून गरज आहे. पुण्या-मुंबईत अशा गाड्या घेणारी मंडळी रविवारी उजाडायच्या आत घाटाकडे निघतात, त्यात हौसेइतकाच या उष्णतेचा वाटा आहे. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, आणि सिग्नलवर मांडी भाजते. १३,५०० फेऱ्यांसाठी आखलेल्या इंजिनाला चाळीसच्या वेगाने, दुसऱ्या गिअरमध्ये, ऐन उन्हात चालवणं म्हणजे त्याला कधीच सोडवता न येणारं काम देणं. तिथे तापट म्हणून बदनाम झालेली हीच गाडी मुजेल्लोच्या वळणांत शहाण्यासारखी वागते, कारण जितकी उष्णता ती तयार करते, तितका वारा तिला इथे मिळतो.

१२:२०

हे सेशन बिनघोर जातं. मागच्या शॉकअपचं एक सेटिंग बदलून पाहिलंय, मालकाला फरक कळत नाही, मिस्त्री ते परत मूळ जागी नेतात.

दुपारी १:००

जेवणाची सुट्टी. ट्रॅक शांत. वॉर्मर चालूच.

मिस्त्री खिशातून चाकू काढून पावाचे काप करतात. मूठ शिंगाची, पातं घासून-घासून अरुंद झालेलं. स्कार्पेरिया हे ट्रॅकला लागूनचं गाव शतकानुशतकं चाकू बनवतं. ट्रॅक आला १९७४ ला, चाकू त्याच्या कितीतरी आधीचे. मालक पास्ता मोजकाच खातो आणि पाण्याची मोठी बाटली संपवतो. कातड्याच्या अंगरख्यात, आत एअरबॅग, वर सूर्य: माणूसही इथे तापमानाच्या हिशेबातलाच एक भाग आहे.

लॅपटॉपवर सकाळच्या फेऱ्या उघडल्यात. गाडी स्वतःच सगळं टिपते: कुठे ब्रेक, किती झुकाव, कुठे चाक घसरलं. २०२५ च्या मॉडेलमध्ये याच्या मागे एक नवी गणनपद्धत आहे. गाडीवर बसवलेले संवेदक जे मोजतात त्यावरून ती सत्तरहून जास्त आणखी गोष्टींचा अंदाज बांधते आणि चाक घसरायच्या बेतात असतानाच इंजिनाचा जोर आवरते. मालकाचं बोट पडद्यावर एकाच ठिकाणी थांबतं: अराब्बियाता. दोन उजवी वळणं, एकामागून एक, चढावर, वेगाची. इथे तो अ‍ॅक्सिलरेटर लवकर सोडतो.

“दुपारी इथे वेळ वाचवतो,” तो म्हणतो.

मिस्त्री उत्तर देत नाहीत. दारातून बाहेर, उन्हात चमकणाऱ्या डांबराकडे बघतात.

२:२०

डांबर पन्नाशी पार. सकाळी मदत करणारी उष्णता आता कापायला उठलीय. टायर आपल्या आवडत्या तापमानाच्या वर गेला की रबर चिकटण्याऐवजी वाहायला लागतं. त्यात दाब चढतो, टायर फुगतो, रस्त्याला टेकणारा तळवा लहान होतो. मिस्त्रींनी सुटण्याआधीच आणखी हवा काढलीय, पण हवा काढण्याला मर्यादा आहे.

मालक जेवढं जास्त पिळतो तेवढं मागचं चाक सुटतं, आणि तेवढी गाडी जोर कापते. अराब्बियातात तो खरोखरच सकाळपेक्षा उशिरा सोडतो, पण बाहेर पडताना घसरण, पुढची पट्टी संथ. फेरी सकाळपेक्षा दीड सेकंद मोठी.

“आणखी जोर लावला, तरी वेळ वाढतेच आहे.”

“जोर लावलास म्हणूनच वाढतेय.”

उजव्या खांद्यावर आता वेगळी खूण आहे. लाटा मोठ्या, त्यांच्या कडेला रबराच्या गोळ्या, आणि तिरक्या उजेडात निळसर झाक. सकाळी ज्याला हात लावून मिस्त्री उठले होते, त्या टायरजवळ ते आता बराच वेळ बसून राहतात.

३:२०

गाडी सुटत नाही. दोन्ही वॉर्मर बंद, पंखा रेडिएटरसमोर. पॅड काढून जाडी बघतात: सकाळी जेवढे होते त्यापेक्षा डोळ्यांना कळेल इतके कमी, पण अजून एक दिवस जातील. मालक बाहेर भिंतीवर बसून आपल्या गटाचं सेशन बघतो. त्यांच्यातही सकाळपेक्षा सगळे मंद आहेत, हे त्याला बोर्डावरच्या वेळा पाहून कळतं. आणि कळल्यावर थोडं हलकंही वाटतं.

४:२०

सूर्य टेकडीकडे झुकलाय, डांबर काही अंशांनी उतरलंय. मागे नवा टायर बसवला असता, पण मिस्त्री नको म्हणाले. शिल्लक आहे तेवढ्यातच चालव. एकच सूचना: पाच फेऱ्या, जोर न लावता, सान दोनातोला सकाळच्याच खुणेवर ब्रेक.

मालक पाच फेऱ्या मारतो. वेळ सकाळची नाही, पण दुपारपेक्षा पुष्कळ चांगली, आणि पाचही फेऱ्या एकमेकींपासून अर्ध्या सेकंदात. मिस्त्रींनी दिवसभरात पहिल्यांदाच बोर्डाकडे दोनदा पाहिलं.

५:००

चेकर्ड फ्लॅग. गाडी आत येते. ऑइल गरम असतानाच पातळी बघायची असते, बघितली. मग सायलेन्सरचा, डिस्कचा टिकटिक आवाज, धातू आकसताना होतो तो. काही झाकायचं नाही, गुंडाळायचं नाही. आधी गार होऊ द्यायचं. तोवर बाकी दोन गाड्यांची चेन आणि चाकं.

६:३०

व्हॅनच्या दारात बसून मिस्त्री वही लिहितात. पावणेतेरा तासांच्या या दिवसात गाडी दोन तासांपेक्षा कमी धावली. अंतर सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर, म्हणजे पुण्याहून नाशिकला जाऊन थोडं पुढे. पेट्रोल साधारण चाळीस लिटर: लिटरला सहाच्या आसपास किलोमीटर. मागचा टायर संपला. रस्त्यावरचा टायर काही हजार किलोमीटर जातो. तिथे तो उष्णतेने मरत नाही, घासून संपतो.

मालकाच्या मनात मात्र दुसरंच आहे. कारखान्याचा रेसिंग एक्झॉस्ट बसवला की शक्ती २१६ वरून २२८ वर जाते, असं कंपनीच्या कागदावरच लिहिलंय. तो किंमत विचारतो.

“बारा अश्वशक्ती कुठे लावणार?” मिस्त्री वहीतून मान वर न करता विचारतात. “आज दुपारी होती तेवढी तरी लागली का डांबराला?”

मालक काही बोलत नाही. मिस्त्री पान त्याच्याकडे वळवतात. मराठीत आणलं तर ते एवढंच आहे:

मागचा टायर नवा. पुढचा अजून एक दिवस.
ब्रेक ऑइल पुन्हा बदलणे, जुनं चांगलं दिसलं तरी.
पॅड मापणे.
मागचा दाब सकाळी आजच्यापेक्षा एक दशांश कमी, लुकोला सबुरी.
पुढची तारीख सप्टेंबरातली. सकाळची चार सेशन भरणे, दुपारची भरू नयेत. त्या पैशांत टायर.